करंगळीसाठी पुन्हा मिनियापोलिस

मिनेसोटाला उन्हाळ्यातच जा, असं मी कुणालाही सांगेन. मी मात्र दोन्ही वेळा थंडीत गेले. डिसेंबरमध्ये गोठलेलं सरोवर बघायला, आणि मार्चमध्ये त्या सहलीत गोठलेली बोटं दाखवायला. ट्रायपॉडचा स्क्रू ग्लोव्ह घालून फिरत नव्हता, म्हणून उजव्या हाताचा ग्लोव्ह काढला आणि फोटो मिळेपर्यंत परत घातला नाही. अनामिका आणि करंगळी, दोन्हींची टोकं काळी पडली. हिमदंशात डॉक्टर सहसा लगेच कापत नाहीत; जिवंत आणि मेलेल्या भागातली रेघ स्पष्ट होईपर्यंत थांबतात. ती रेघ कुठे आली हे बघायला ही फेरी होती; टेक्ससमध्ये हिमदंशाचे जाणकार डॉक्टर सहज मिळत नाहीत.

फ्रिस्कोतल्या माझ्या घरून डॅलसचा विमानतळ सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर, पुढे मिनियापोलिसला थेट विमान. सीटच्या वरच्या झडपेतली हवासुद्धा बोटांना सोसत नाही, त्यामुळे झडप बंद आणि हात कोटात. अशा प्रवासाला निघालात तर ग्लोव्हज आणि ड्रेसिंगचं सामान हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला देऊ नका.

न्यायला वसुधाकाकू आल्या होत्या. बाबांच्या कॉलेजमधल्या मित्राची बायको. डिसेंबरमध्येही मी त्यांच्याकडेच उतरले होते. "किती वाळलीस गं! टेक्ससवाले उपाशी ठेवतात का?" घरी मेतकूट-भात तयार होता.

"आता असलं काही यूट्यूबवर बघत जा यार," काका म्हणाले. "हात तरी शाबूत राहतात."

मी हसले. वाद घालायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू हट्टाने हॉस्पिटलला आल्या. तिथे हिमदंशाचे रुग्ण भाजलेल्यांच्या विभागातच बघतात. पार्किंगच्या तिकिटावर आत शिक्का मारून मिळतो, तो घ्या. बाहेर दुप्पट पडतं.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा बोटांना टोचला. अनामिकेला कळलं. करंगळीला काहीच नाही. मग त्यांनी विचारलं, पहिल्या रात्री हात गरम कसा केला? डिसेंबरमध्ये इमर्जन्सीत हे कुणी विचारलं नव्हतं.

माझ्याआधी काकू बोलल्या. "आय डिड! वॉर्म तिळाचं तेल, रबिंग, रबिंग, हाफ ॲन अवर." आवाजात सरळ अभिमान होता.

डॉक्टरांचं टायपिंग थांबलं. गोठलेली त्वचा चोळायची नसते, ते शांतपणे म्हणाले; आतल्या बर्फाच्या कणांनी आणखी इजा होते. हात फक्त कोमट पाण्यात धरायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, अनामिका राहील, नख मात्र वेडंवाकडं येईल. करंगळीचं टोक पहिल्या पेरापर्यंत काढावं लागेल.

परतताना रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग होते. काकूंनी वळण घेतलं, पण इंडिकेटर बंद केला नाही. तो टिकटिकत राहिला.

"माझ्यामुळे जातंय का गं बोट?"

"सांगता येणार नाही, काकू. थंडीने किती आणि चोळल्याने किती, हे वेगळं काढता येत नाही."

उत्तर बरोबर होतं. त्यांना 'नाही' ऐकायचं होतं, हेही मला कळत होतं. रात्री जेवताना काकांनीही एकही विनोद केला नाही. विमानतळावर सोडायला ते एकटेच आले.

फ्रिस्कोत परत आले तर लोक हाफपँटमध्ये फिरत होते. माझा हात अजून लोकरीच्या हातमोज्यात. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर: गोठलेला हात चोळू नका, हीटरवर धरू नका, आणि बरं वाटलं म्हणून पुढच्या तपासण्या टाळू नका. इन्शुरन्सची मंजुरी तिकिटाच्या आधी घ्या.

ऑपरेशन तिथेच होणार, आणि नंतर काही दिवस सोबत कुणीतरी लागणार आहे. इथल्या मैत्रिणी मिनियापोलिसला यायला तयार होत्या, हॉटेलही बघून ठेवलं होतं त्यांनी. मी काकूंना फोन केला.

"तुमच्याकडे राहू का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. "ये की. पण हाताला मी शिवणार नाही हं."

"हाताला नको. वेणी घालून द्यावी लागेल. एका हाताने येत नाही."



"घट्ट घालू की सैल?"

"घट्ट," मी म्हणाले.