सोलापूर, तुमचा आवाज जड झालाय

सत्तर सालानंतरच्या त्या चार-पाच वर्षांत मी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बसत होते. बाहेरगावी फोन करायचा तर लोक आधी आमच्याकडे नंबर नोंदवत. मग आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला गाठायचो आणि पलीकडचा माणूस मिळाला की दोन्ही बाजू दोरीनं जोडून द्यायचो. दोरी म्हणजे टोकाला पितळी पिन असलेली जाड वायर. समोरच्या फळीवरच्या भोकात ती खुपसायची, बोलणं संपलं की उपसायची. सबंध पाळीभर हेच.

आम्ही ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायचो. मी सोलापूर. पलीकडे टेंभुर्णी, बार्शी, अक्कलकोट. अक्कलकोट म्हणजे एक वयस्क माणूस होता. त्याचा आवाज तेलात भिजवल्यासारखा मऊ, आणि मराठी बोलता बोलता तो मध्येच कानडीत शिरायचा. आमची कधी गाठ पडली नव्हती. तरी सकाळी कामावर आल्यावर पहिल्यांदा त्याचं "हं, बोला सोलापूर" ऐकलं की दिवस नीट सुरू झाल्यासारखा वाटे.

दुखणं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येणार नाही. आधी सकाळी बोटं मिटेनात. मूठ वळायला गेलं की आत कुणी कापूस भरून ठेवलाय असं वाटायचं. मग मनगटं दुखू लागली, मग उजवा खांदा. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, जणू मी आदल्या दिवशी कुठला तरी डोंगर चढून आले होते. लुगडं पिळायला घेतलं तर हातात जोरच नसे. ते तसंच निथळतं दोरीवर टाकायचे. माझं वय तेव्हा सत्तावीस होतं.

या दुखण्याबरोबर आणखी काहीतरी माझ्यात उतरत होतं, आणि खरं सांगायचं तर ते वाईटही वाटत नव्हतं. सगळं लांब गेल्यासारखं झालं होतं. रस्त्यावरून टांगा जायचा आणि त्याचा टपटप आवाज टांगा दिसेनासा झाल्यावर माझ्यापर्यंत पोचायचा, असं वाटे. कुणी काही विचारलं तर उत्तर मला माहीत असायचं, पण ते माजघरातून उठून ओटीवर यावं तसं सावकाश यायचं. बोर्डावर बसले की कानात वेगवेगळ्या गावांचे आवाज एकमेकांत मिसळत. कुठे लग्न ठरतंय, कुठे कापूस निघालाय, कुणाची म्हैस व्यालीय. मी त्या सगळ्यांच्या मधोमध अर्धवट झोपेत तरंगत असायचे. समोरचे लहान लहान दिवे लागायचे, विझायचे. मला ते फार सुंदर दिसायचे.

एप्रिलात सोलापुरात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. त्या दिवसांत मी पंखा बंद करायला सांगायचे. शेजारच्या मुली घामानं भिजलेल्या, आणि मी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून बसलेली. घरी चादर पांघरून झोपायचे. चेहरा सुजल्यासारखा दिसे, बांगड्या मनगटात रुतायच्या. आधी सगळ्यांनी थट्टा केली, मग थट्टाही थांबली.

माझे यजमान शाळेत भूगोल शिकवत. बोलायला कमी, पण माणूस सोबतीला येणारा. त्यांनी मला तीन डॉक्टरांकडे नेलं. पहिल्यानं वात आहे म्हणून सांगितलं. मग महिनाभर आमच्या घरात निर्गुडीच्या पाल्याचा आणि औषधी तेलाचा वास होता. दुसऱ्यानं हातांचा एक्स-रे काढला, तो उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाला, "हाडं अगदी स्वच्छ आहेत." तिसऱ्यानं माझ्याकडे न बघताच यजमानांना सांगितलं, "यांना कामाचा कंटाळा आलाय. नोकरी सोडू द्या, आपोआप बरं वाटेल." त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, असेलही. मी आळशीच झाले असेन. माझं मलाच माहीत नसेल.

मग तो दिवस आला. सकाळची अकराची वेळ, बोर्ड गजबजलेला. शहरातल्या एका व्यापाऱ्याला अक्कलकोटच्या तेलाच्या दुकानाशी बोलायचं होतं, आणि त्याच वेळी एका बाईंना टेंभुर्णीला, त्यांच्या भावाशी. मी दोन्ही दोऱ्या उचलल्या. बोटं धड वळत नव्हती आणि डोळ्यांसमोर तीच गुंगी होती. मी दोऱ्या उलट्या लावल्या.

कानात ऐकू आलं, "दादा, आईचा ताप उतरला का रे?"

तेलाचा दुकानदार म्हणाला, "उतरला आसंल की बाई. पण तुमी कोन?"

मी ऐकत होते. चूक झालीय हे मला कळत होतं. पण हात उचलून ती सुधारायला हवी, हे काही केल्या हातापर्यंत जाईना. मी त्या दोघांचं बोलणं स्वप्नात ऐकावं तसं ऐकत राहिले. दुकानदार फार भला माणूस होता. ताप किती दिवसांचा आहे, औषध कुणाचं चालू आहे, असं तो विचारू लागला आणि बाई सांगूही लागल्या. तेवढ्यात अक्कलकोटचा मऊ आवाज लाइनवर आला. "सोलापूर, दोऱ्या बदला. घाई न्हाय, मी दोगास्नी धरून ठेवतो." आणि त्यानं खरंच त्या दोघांना बोलण्यात गुंतवून धरलं, मी दोऱ्या बदलेपर्यंत.

त्यानं तक्रार केली नाही. पण व्यापाऱ्यानं केली. टेंभुर्णीच्या कुणा अनोळखी माणसानं त्याला आईच्या तापाबद्दल सांगितलं होतं. सुपरवायझर बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. "हा महिन्यातला तिसरा प्रकार आहे," एवढंच म्हणाल्या आणि मेमो हातात दिला. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. रडू आलं नाही. रडायलाही ताकद लागते.

दुपारी दोननंतर बोर्ड थंडावत असे. बाहेर पांढरं ऊन, आत फक्त एखादा दिवा. अक्कलकोटची लाइन लागली.

"सोलापूर, रागावनार नसला तर एक इचारू?"

"विचारा की."

"तुमचा आवाज लई जड झालाय. नवीन आलता तवा अगदी लखलखीत होता."

"सर्दी आहे."

"सर्दी आठ दिसांत जाती. तुमची सर्दी मी दिवाळीपास्नं ऐकतोय." मग त्यानं विचारलं, "हातपाय दुखत्यात?"

मी सरळ बसले.

"व्हय की न्हाय?"

"दुखतात."

"आनि थंडी वाजती. आशा उन्हाळ्यात. सारकी झोप येती, बोललेलं उशिरा कळतं."

समोर एक दिवा लागला होता, तो मी बघितलाच नाही. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, तो माझ्या अंगातलं एकेक दुखणं जवळ बसून मोजल्यासारखं सांगत होता.

"आमच्या मंडळींचं आसंच झालं हुतं," तो म्हणाला. "आधी आवाज जड झाला. चार वरसं आमी वात म्हनून तेल चोळलं. मग कळलं, गळ्यात हितं एक गाठ आसती, थायरॉईड म्हनत्यात. ती मंद पडली की समदं अंगच मंद पडतं. सांधं धरत्यात, मांसबी दुखतं. तुमच्या सात रस्ता चौकाच्या मागल्या गल्लीत एक डॉक्टर हायत, त्यास्नी दाकवा. हाडाचं डॉक्टर न्हवं ते. तुमी जाच."

संध्याकाळी मी यजमानांना हे सांगितलं. मला वाटलं ते हसतील. टेलिफोनवरून रोग ओळखला म्हणून कोण मानेल? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "उद्या तुझी पाळी किती वाजता सुटते?"

गल्लीतला दवाखाना लहानसा होता. डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गळ्याला बोटं लावून मला गिळायला सांगितलं. मग एक लाकडी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "हिच्यावर गुडघे टेका. पावलं मोकळी सोडा."

मी देवासमोर बसावं तशी खुर्चीवर गुडघे टेकून बसले. पाठीमागे ते काय करत होते ते मला दिसत नव्हतं. टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीचा हलका ठोका बसला. पाऊल उडलं. एवढं मला कळलं.

"सर, तुम्ही इकडे या, बघा," ते यजमानांना म्हणाले. "पाऊल झटकन उडतंय, पण जागेवर परत कसं येतंय?"

पुन्हा ठोका. यजमान खाली वाकून बघत होते. मग त्यांचा आवाज आला, "झोपेतून उठल्यासारखं."

"अगदी बरोबर. निरोगी पाऊल लगेच परत येतं." मग माझ्यासमोर येऊन त्यांनी सांगितलं, "रक्त पुण्याला पाठवू, खात्री करून घेऊ. पण मला शंका नाही. बाई, तुम्ही आळशी नाही. तुम्ही आजारी आहात."

तेव्हा मात्र मी रडले. खुर्चीवरून उतरताही आलं नव्हतं, तशीच गुडघ्यांवर बसून. ही दोन वाक्यं ऐकायला मी किती दिवस थांबले होते ते मलाही तोवर कळलं नव्हतं.

पुण्याहून रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. मग गोळी सुरू झाली. आधी पाव, मग अर्धी, हळूहळू वाढवत नेलेली. सकाळी उपाशीपोटी, रोज, आयुष्यभर. एका सकाळी उठले तेव्हा मला उकडत होतं. गळ्याशी घाम आला होता. मी यजमानांना हलवून उठवलं आणि म्हटलं, "अहो, मला उकडतंय." ते उठले, खिडकी उघडली आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

पाच-सहा महिन्यांत मांड्यांचं दुखणं गेलं. चेहऱ्याची सूज उतरली, बांगड्या सैल झाल्या. टांग्याचा आवाज टांग्याबरोबरच येऊ लागला. त्या गुंगीची मला कधी कधी आठवण यायची, हे खोटं का बोलू? जग इतकं जवळ आल्यावर त्याचा कर्कशपणाही कानात शिरला. बोर्डावरचे दिवे साधे दिवे झाले. पण दोऱ्या बरोबर लागत होत्या. बोटांचं आणि खांद्याचं दुखणं मात्र राहिलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "काही दुखणं गोळीनं जातं, काही आधीच घर करून बसलेलं असतं. त्याच्याशी सावकाश बोलावं लागेल."

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं अक्कलकोटला गेलो. माझ्या मनात आवाजावरून एक भारदस्त, मिशाळ माणूस तयार झाला होता. दारात उभा होता तो माझ्या खांद्याएवढा, काडीसारखा बारीक, कपाळावर भस्माचे पट्टे. "या सोलापूर," तो म्हणाला, आणि मी डोळे मिटले तेव्हा कुठे मला तो ओळखू आला.

त्याची बायको आतून हात पुसत आली. ठसठशीत, हसरी बाई. माझं नाव विचारायच्या आधी तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेपालटे करून बघितले. मग स्वतःचे पुढे केले. तिची बोटं शेवटच्या पेरापाशी वाकलेली होती. तिनं मला चुलीपाशी नेलं. भाकरी करताना ती पाटावर न बसता एका उंच स्टुलावर बसत होती, आणि चूलही तिनं मातीचा ओटा घालून वर उचलून घेतली होती. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात हात बुडवून बसते, म्हणाली, बोटं आपणहून उघडेपर्यंत. पिळायचे कपडे नवऱ्याकडे.

"दुखतं का अजून?" मी विचारलं.

"दुखतंय की. रोज." तिनं भाकरी उलटली. "पहिलं मी त्याच्यावर चिडत हुते. आता त्येला सांगते, मेल्लगे, मेल्लगे."

मेल्लगे म्हणजे कानडीत हळूहळू, हे मला तिनंच सांगितलं. परत येताना एसटीत मी तो शब्द मनातल्या मनात म्हणत होते. खिडकीबाहेर ज्वारीची शेतं मागे सरकत होती, मेंढरांचा एक कळप रस्त्याकडेला थांबून आम्हाला वाट देत होता, आणि मला फार दिवसांनी जागेपणी शांत वाटत होतं.

खांद्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत हात वर न्यायचा. यजमानांनी भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. वर्षभरात हात कपाळापर्यंत पोचला, पुढे गेला नाही. डोक्यामागे तर जाईचना. वेणी घालणं राहून गेलं. मी केस कापून टाकायचं म्हणत होते.

एका रविवारी सकाळी यजमान माझ्या मागे पाट घेऊन बसले. हातात कंगवा होता. शाळेत मुलांना नद्यांचे नकाशे काढून दाखवणारा माणूस. त्यांनी केसांचे तीन भाग केले आणि पुटपुटत राहिले, हा याच्यावरून, हा याच्याखालून. दोनदा सोडवली, तिसऱ्यांदा जमली. वेणी वाकडी झाली होती, एका बाजूला घट्ट आणि खाली सुटलेली.

"नीट आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि तशीच कामावर गेले.