जाते आणि येते

इथे परदेशात, ब्रॉसार्ड उपनगराच्या बसमध्ये ती आपल्याकडची वाटली, म्हणून मी सरळ मराठीत विचारलं, "ताई, ही बस डाउनटाउनला जाते ना?" ती हसली आणि फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. मग इंग्रजीतून कळलं, की आठ वर्षांची असताना तिला महाराष्ट्रातल्या अनाथाश्रमातून इथल्या जोडप्याने दत्तक आणलं होतं. मराठी पार पुसली गेली होती.

त्यानंतर ती रोज बॅग ठेवून माझी सीट धरायची. दातांनी हातमोजा ओढायची आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवायची. मी आठवीत शाळा सोडलेली, माझं इंग्रजी कामापुरतं. तरी तिला सगळं समजायचं. मी तेव्हा नाशिकच्या अनाथाश्रमात, दत्तक घ्यायच्या नऊ वर्षांच्या मुलीला भेटायला जाणार होते. एवढी मोठी पोर मला आपली मानेल का, हीच धास्ती होती.

ती म्हणाली, "मला एकच शब्द आठवतो. येते. म्हणजे काय?"

"निघताना म्हणतो आम्ही. जाते म्हणू नये."

"आश्रमात येणारे सगळे पाहुणे तेच म्हणायचे. मी दारात वाट बघायचे. तू तिला खरं सांग."

म्हणून आश्रमातून निघताना मी मन घट्ट करून म्हटलं, "जाते गं. कागद झाले की न्यायला येईन."

पोरीने कमरेवर हात ठेवले. "जाते काय? येते म्हणावं!"

पुढच्या हिवाळ्यात ती पोर बसमध्ये माझ्या मांडीवर होती. उतरताना संत्रं देणाऱ्या त्या बाईने पोरीकडे बघून अडखळत म्हटलं, "येते."

आणि दुसऱ्या दिवशी ती आमची सीट धरून बसली होती.