तोइवो आणि आमचा संभा

आज नातवाच्या बारशाला घुगऱ्या शिजल्या आणि त्या वासासरशी मी पाटणजवळच्या माहेरी पोचले.

दादाच्या मुलाचं बारसं होतं. आत्या म्हणून नाव मीच ठेवणार होते. डोंगरावर पवनचक्क्या उभारायला आलेला फिनलंडचा तोइवो पाहुणा होता. फौजेतून निवृत्त झालेल्या आबांनी त्याला हिंदीत नावाचा अर्थ विचारला आणि आईला सांगितलं, "आशा म्हनं. लढाईत गेलेल्या चुलत्याचं नाव ठेवलंय त्येला."

आई उठून घुगऱ्या ढवळायला गेली. माझा धाकटा भाऊ संभा सीमेवर कामी आल्यापासून ते नाव घरात कुणी काढत नव्हतं.

मी ठरवलेलं नाव वेगळं होतं. पण पाळण्यावर वाकले आणि बाळाच्या कानात 'संभाजी' म्हणाले.

नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. त्या दिवशी एकही हात उठेना. मग एक सणसणीत धपाटा बसला. आईचा.

"मोठ्यानं म्हण की गं! समद्यास्नी ऐकू दे."

तेव्हा वाटलं, मी केवढं धाडस केलं. आता कळतं, ते नाव घ्यायला आईच आसुसली होती. पुढं ती दिवसभर हाक मारायची, "संभा! आरं संभा!"

पोर धावत यायचं. काम काहीच नसायचं.