धुतलेला पाय

उकंडा कुपाट्या, म्हणजे काटेरी कुंपणं, घालणारा माणूस. दारव्ह्याच्या आसपास ज्याच्या शेतात रोही म्हणजे नीलगायी आणि डुकरं धुडगूस घालत, तो उकंडाला बोलावणं धाडायचा. बोरी-बाभळीच्या फांद्या तोडायच्या, दोन फाट्यांच्या लांब काठीनं उचलून शेताच्या कडेच्या धुऱ्यावर एकीवर एक अशा दाबायच्या, की मांजराची मिशीसुद्धा आत जाऊ नये. लोक चेष्टेनं म्हणत, उकंडानं शेत बंद केलं की वारासुद्धा विचारून आत येतो. तारांची, करंटाची कुंपणं आली तरी त्याला काम कमी पडलं नाही.

त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तशी आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि दुसऱ्याचं पोर आणावं तसं उचलून घरात आणलं. उकिरड्याला इकडे उकंडा म्हणतात, तेच नाव पडलं. मरणानं ह्याला कचरा समजून सोडून द्यावं, एवढाच त्या माउलीचा हिशेब. मरण फसलं. पण मातीतल्या जंतूंना नावगाव कुठलं कळायला!

चार वर्षांपूर्वी तांड्यावरच्या रूपसिंगच्या शेतात कुपाटी घालताना बाभळीचा काटा चप्पल फोडून उजव्या तळव्यात शिरला आणि आतच मोडला. उकंडानं दुसऱ्या काट्यानं तो उकरला. अर्धा निघाला, अर्धा राहिला. वर तंबाखू चोळून गडी पुन्हा कामाला लागला. सहा महिन्यांनी तळव्यात गाठ आली, मग शेजारी दुसरी. गाठी फुटल्या, पू वाहू लागला आणि त्यात रव्याएवढे पिवळसर पांढरे दाणे दिसू लागले. दुखत मात्र फारसं नव्हतं, आणि तिथंच घात झाला. दुखलं असतं तर माणूस वेळेवर बोंबलला असता.

त्याची बायको तुळसाबाई हिनं दाण्यांचा अर्थ पहिल्याच दिवशी लावून टाकला. "काटा आतमधी कुजला नं, चुरा होऊन बाहीर येऊन राह्यला. सारा निघाला का पाय बरा होते." तेव्हापासून रोज सकाळी ती घमेल्यात मिठाचं कोमट पाणी घ्यायची, नवऱ्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि एकेक दाणा वेचून मलमाच्या रिकाम्या डबीत टाकायची. डबी भरत आली. एका काट्याचा इतका चुरा होत नाही, हे काट्यांत जन्म घालवलेल्या उकंडाला कधीचं कळलं होतं. पण तिच्या तोंडावरची आशा पाहून तो गप्प बसायचा.

पाय फुगला. चप्पल सुटली ती सुटलीच. तळव्याला, घोट्याला मिळून अकरा भोकं पडली. उकंडा ओसरीवरच्या बाजेला खिळला. गावात महारोगाची कुजबुज सुरू झाली. हा महारोग नाही असं दारव्ह्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पण गावाला डॉक्टरपेक्षा स्वतःचं नाक खरं वाटतं. पौर्णिमेला काठी टेकत कसाबसा विहारात वंदनेला गेला, तर शेजारच्यांनी सतरंजी हातभर पलीकडे ओढली. त्यानंतर तो गेला नाही. सून उर्वशी स्वभावानं वाईट नव्हती, पण नातीला त्याच्या बाजेकडे फिरकू देत नसे. नातीचं रांगणं उकंडा लांबूनच बघायचा. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं बंद केली, त्याच्याभोवती आता गावानं कुपाटी घातली होती, आणि हिच्यात कुठं फट नव्हती.

दवाखाने काय कमी झाले! दर वेळी निघायच्या आधी तुळसाबाई पाय दोनदा धुवायची, भोकाभोकांतून दाणा न दाणा टिपायची, धुवट पांढऱ्या फडक्यात पाय गुंडाळायची. "साहेबासमोर घान पाय कसा न्यावा? गरीब हाओत, गलिच्छ नाही," असं तिचं म्हणणं. डॉक्टर फडकं सोडत, भोकं बघत, गोळ्या लिहीत. कुणी महिनाभराच्या दिल्या, कुणी दोन महिन्यांच्या. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तर मांसाचा तुकडा काढून तपासला. त्यात काही सापडलं नाही. शेवटी एक्स-रेच्या फोटोत हाडं खाल्लेली दिसली, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "बुरशी हाडात उतरलेली दिसते. औषधानं आवरेल असं वाटत नाही. घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. सोमवारी भरती व्हा."

मुलगा धम्मरत्न काळी-पिवळी चालवायचा. त्यानं सोमवारची गाडी स्वतःच काढायचं ठरवलं. "बाबा, पाय जाईन, पन तुम्ही तं राहान," तो म्हणाला. सगळ्यांचं ठरलं होतं. फक्त ज्याचा पाय, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी तुळसाबाई नेहमीसारखी घमेलं घेऊन आली.

"आता कायले धुतं?" उकंडा म्हणाला. "उद्या कापूनच टाकनार हायेत."

"उद्याचं उद्या. काटा निघूनच राह्यला नं. पाहा, काल चार निघाले."

इतक्या वर्षांचं साचलेलं त्या चार दाण्यांनी फुटलं. त्यानं तिच्या हातातली डबी हिसकली आणि अंगणापलीकडच्या उकिरड्यावर भिरकावली. "काटा नाही थो! माह्या पायाचंच पीठ होऊन राह्यलं, कळत नाही तुले?"

तुळसाबाई उठली. घमेल्यातलं पाणी तिनं झाडाच्या आळ्यापासून दूर नेऊन फेकलं, मग उकिरड्यावर गेली आणि शेणाकचऱ्यातून डबी शोधून आणली. पदरानं पुसून कनवटीला लावली. उकंडा बघत राहिला. आपल्या आईनं आपल्याला असंच उचललं असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी पाय धुवायचा राहिला तो राहिलाच. सोमवारी सकाळीही त्यानं तिला हात लावू दिला नाही.

दवाखान्यात सहीचा कागद समोर आला. उकंडानं पेन धरलं, तोच तुळसाबाईनं कनवटीची डबी काढून टेबलावर उघडून ठेवली. "साहेब, रागावू नका. काटा रोज निघून राह्यला. मंग पाय कायले कापता?"

डॉक्टर आधी वैतागले. मग वाकून बघू लागले. "हे कुठून आलं?"

"ह्याह्यच्या पायातून. तुमच्याकडे यायच्या आधी मी सारे वेचून घेतो. पाय साफ पाह्यजे नं."

डॉक्टरांनी पेन उकंडाच्या हातातून काढून घेतलं आणि पायाचं फडकं सोडलं. दोन दिवस न सोडलेल्या फडक्यावर ताजे दाणे चिकटले होते. प्रयोगशाळेतल्या अंजूताईंनी ते काचेवर चिरडले, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तासाभरानं त्यांनी तुळसाबाईलाच आत बोलावलं. डोळा लावल्यावर तिला गुलाबी, बारीक, फाटे फुटलेले धागे दिसले.

"बुरशीचे धागे याहून जाड असतात," अंजूताई म्हणाल्या. "हे जंतू आहेत. टीबीच्या आणि महारोगाच्या जंतूंच्या लांबच्या नात्यातले, पण एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. मातीत राहतात, काट्याबरोबर आत गेले. त्यांच्यावर औषध आहे, काकू. हा दाणा आधी दिसायला हवा होता."

तुळसाबाईनं काचेवरून डोळा काढला. "म्हंजे मीच धुऊन धुऊन लपवला व माय! मीच पाय कापाले लावला असता!" ती छाती बडवू लागली. धम्मरत्नाला तिला कसं आवरावं ते कळेना. उकंडा एका पायावर लंगडत आला आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

"आन् उकंड्यावरून आनला कोनं?" तो एवढंच म्हणाला.

त्यानंतर इंजेक्शनं आली. तीन आठवडे घ्यायची, मग थांबायचं, औषधानं ऐकणं बिघडलं नाही ना म्हणून कान आणि रक्त तपासायचं, पुन्हा तीन आठवडे. गोळ्या तर रोजच्याच. सुटका अशी एका दिवसात होत नाही. बाज तीच, ओसरी तीच. आणि डॉक्टरांची सक्त ताकीद होती, की तपासणीच्या आधी दोन दिवस पायाला पाणी लावायचं नाही. तुळसाबाईला ही शिक्षा इंजेक्शनापेक्षा जड गेली. ती घमेल्याकडे बघायची, पायाकडे बघायची आणि हात पदराखाली दाबून बसायची.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी फडकं सोडलं. फडकं कोरडं होतं. भोकांवर खपल्या धरल्या होत्या. त्यांनी चिमट्यानं दाबून पाहिलं, दाणा निघेना. त्यांनी कपाळाला आठ्या घालून तुळसाबाईकडे पाहिलं.

"बाई, पुन्हा धुऊन आणलात ना पाय?"

तुळसाबाईचे डोळे भरून आले. "नाही साहेब, तुमची आन! दोन दिस झाले, हातबी नाही लावला."