दाराजवळची खुर्ची

नलूताई गेल्याचं मला मस्कतमध्ये, रुवीतल्या भाजीच्या दुकानात कळलं. तिच्या मुलाचा फोन होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. हातातली मेथीची जुडी मी परत ठेवली. तिने सांगितलेलं एक काम माझ्याकडून राहून गेलं होतं, आणि आता ते करावं लागणार नाही, म्हणून क्षणभर हायसं वाटलं... लिहिताना लाज वाटते.

नलिनी सबनीस मस्कतच्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर मुलाच्या सीबमधल्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळी शिकवण्या घ्यायची. जीभ तिखट, पोह्यांत मात्र साखर जास्त. जेवणाच्या टेबलावर ती अमेरिकेचा नकाशा पसरायची आणि मुलांना रंगीत पेन्सिली द्यायची. गुलाम ठेवणारी राज्यं एका रंगात, न ठेवणारी दुसऱ्या. नवा प्रांत आला की तो कुठल्या रंगात यावरून मुलांची जुंपायची. "बघा, तुम्ही पेन्सिलीवरून भांडताय. तिथे बंदुका निघाल्या," ती म्हणायची. तिचा जीव अडकलेला असायचा तो पुढच्या भागात. पळून आलेल्या गुलामाला धरून मालकाकडे परत पाठवायचं असा कायदा झाला, आणि 'आम्हाला काय त्याचं' म्हणणाऱ्या उत्तरेतल्या सभ्य लोकांच्या दारात तो प्रश्न येऊन उभा राहिला. "दार उघडायचं की नाही, तिथून देश फाटत गेला," हे सांगताना ती खुर्चीतून उठून उभी राहायची.

त्या वर्गाला जवळच्याच माबेल्याहून दोन भावंडं यायची. त्यांच्या आईवडिलांची नावं लिहीत नाही. आमच्याच मराठी मंडळातली, चांगल्या घरची माणसं. मुलांबरोबर त्यांची कामवाली यायची, आंध्रातली लक्ष्मी. धाकट्याचं दप्तर मांडीवर घेऊन ती दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसून राहायची. तिला यातलं काय कळतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

एका दुपारी ती एकटीच आली. मी तेव्हा नलूताईकडेच होते. "मॅडम, मेरे को घर जाना है. पासपोर्ट अलमारी में रखा है, देते नहीं. आप बोलो ना उनको." नलूताईने तिला जेवायला वाढलं आणि आत जाऊन तिच्या मालकिणीला फोन केला. "अगं, तुमची लक्ष्मी माझ्याकडे आहे. काळजी करत असशील म्हणून कळवलं." त्यात कपट काडीचंही नव्हतं. आपल्या माणसांना कळवायचं, ही आमची रीत. चुकलेलं मूल सापडलं की कळवतो, तसं तिने कळवलं.

दोघं लगेच गाडी घेऊन आले. नलूताईने पासपोर्टचा विषय काढलासुद्धा. "अहो ताई, सांभाळूनच ठेवलाय. तिच्याकडून हरवेल," मुलांची आई, म्हणजे आमच्या वहिनी, हसून म्हणाल्या. आणि पाहुणे आलेले पाहून लक्ष्मी सवयीने उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने सगळ्यांना चहा केला. आम्ही तो प्यायलो. आलं छान लागलंय, असं मी म्हणालेसुद्धा. मग "यल्ला, चल लक्ष्मी," म्हणत ते तिला घेऊन गेले. जाताना तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

कप विसळता विसळता नलूताई थांबली. "अगं, मी परत दिलं तिला," ती म्हणाली. "मी... जी दर वर्षी हे शिकवते."

पुढे लक्ष्मीला गावी पाठवून दिल्याचं कानावर आलं. नलूताई मात्र दर वर्षी तो धडा आला की मुलांना हे सगळं सांगू लागली, स्वतःचं नाव घेऊन. मुलांनी घरी सांगितलं आणि मंडळात दोन तट पडले. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला, असं म्हणणारे एकीकडे आणि दुसरीकडे जवळजवळ एकटी नलूताई. शिकवणीची मुलं गळाली, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. मी दोन्हीकडे जात राहिले. "ताई, आता खलास कर ना हे," असं म्हणाले तेव्हा ती नुसती हसली. "ते उत्तरेतले लोकही हेच म्हणत होते गं," म्हणाली.

शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. "त्यांना लक्ष्मीचं पूर्ण नाव विचार, गाव विचार," ती म्हणाली. "माफी कुणाची मागायची, ते तरी कळू दे." "इन्शाल्ला," मी म्हणाले, आपण टाळायला म्हणतो तसं.

शोकसभेत सगळे छान बोलले. मी पोह्यांवर बोलले. शेवटी तिचा एक जुना विद्यार्थी अडखळत उठला. "मॅडमनी आम्हाला ते... लक्ष्मी आंटीचं सांगितलं होतं. ते कोणी नाही बोललं." सगळे उठून चपला शोधू लागले. मीही.

बाहेर पडताना मात्र मी वहिनींना गाठून विचारलं. त्या गोंधळल्या. "लक्ष्मीच म्हणायचो गं. आधीच्या बाईचं नाव लक्ष्मी होतं, मुलांना सवय होती म्हणून हिलाही तेच. खरं नाव पासपोर्टवर होतं ना... आता कुठलं आठवायला?" त्यांच्याच कपाटात होता तो.

नलूताईचं सामान आवरायला गेले तेव्हा ती खुर्ची दाराजवळच होती. त्या दिवसानंतर नलूताईने तिच्यावर कुणाला दप्तरही ठेवू दिलं नव्हतं. मी ती मागून आणली. आता ती माझ्या दाराजवळ असते. आमच्याकडे फरशी पुसायला येणाऱ्या बाईला परवा मी तिच्यावर बसवलं, चहा करून दिला आणि तिचं पूर्ण नाव विचारलं. ती कप तसाच खाली ठेवून उठून उभी राहिली.

"मॅडम, मेरे से कुछ गलती हुआ क्या?"