बालाघाटातले नऊ किलोमीटर

बालाघाटच्या डोंगरात मी आजवर एकूण नऊ किलोमीटर सायकल चालवली आहे, आणि त्यातला शेवटचा दीड किलोमीटर माझ्या मर्जीविरुद्ध.

मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. एकवीस वर्षं झाली, भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत 'ही बालाघाटची रांग' असं सांगत आलोय. छडी ती रांग तीन सेकंदांत ओलांडते. आपण मात्र शाळा, विष्णुपुरीतलं घर आणि भाजीबाजार यांच्या पलीकडे गेलो नाही, याचं मला सेहेचाळिसाव्या वर्षी एकदम वाईट वाटायला लागलं. त्यामुळे अहमदपूरजवळून निघून रानवाटांनी, डोंगरातून अडीचशे किलोमीटर जाणारी सायकल शर्यत आहे असं कळताच मी नाव देऊन टाकलं. नंबर वगैरे नको होता. ती रांग एकदा स्वतःच्या पायांनी ओलांडायची, एवढंच.

"किती तासांत?" सुरेखानं, म्हणजे बायकोनं, विचारलं.

"चाळीस."

"सलग? सलग तुम्ही फक्त झोपता."

मग चार महिने मी सायकल तयार केली. सीट किती वर, हँडल किती खाली, पिशव्या कुठं बांधायच्या. टायरमधली ट्यूब काढून आत एक पांढरं औषध भरावं लागतं, म्हणजे काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. ते मी दुधाच्या मापानं मोजून भरलं (माप नंतर धुतलं होतं, तरी घरात दुसरं माप आलं). वजन कमी करायचं म्हणून दात घासायचा ब्रश अर्धा कापला. सुरेखा माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "जड काय, तो ब्रशच होता का?"

खरं सांगायचं तर मला सायकल चालवण्यापेक्षा तिच्यावर नुसतं बसण्यातच जास्त सुख होतं. शाळेतून आलं की हॉलमध्ये ती भिंतीला टेकवायची, वर बसायचं, डोळे मिटायचे. पंख्याचा वारा हळूहळू डोंगरावरचा होई. स्वयंपाकघरातला गलका लांब, खाली, कुठल्यातरी वाडीत राही. एकदा असाच एका पठारावर पोचलो होतो. खाली धुकं, धुक्यात गुरांच्या घंट्या, आणि मी एकटा, हलका, कुणाचे पेपर तपासायचे राहिले नाहीत असा. डोळे उघडले तर समोर सुरेखाच्या भिशीच्या आठ बायका चहाचे कप हातात धरून गप्प बसलेल्या. त्यातल्या एकीनं हळूच विचारलं, "सरांना बरं न्हाई का?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही अहमदपूरजवळच्या सासुरवाडीला मुक्कामाला गेलो. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, चौऱ्याहत्तर वर्षांचे शेतकरी. त्यांनी सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबून पाहिलं, आणि मला म्हणाले, "सर, गाडी चांगली हाय. तुम्ही जेवून पडा निवांत." सासूबाईंनी धपाटे, दही आणि वर पुन्हा धपाटे असं वाढलं. मी कडुलिंबाखाली बाजेवर आडवा झालो आणि डोळे मिटायच्या आत डोंगरात पोचलो.

आता त्या घरातली रीत अशी, की जत्रेला किंवा लग्नाला बैलगाडी निघायची असली, की आदल्या दिवशी वडीलधाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं चाकांना तेल द्यायचं. करकरत गेलेली गाडी म्हणजे घराची अब्रू गेली. आणि इथं तर घरचा जावई निघालेला!

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मामा सायकलजवळ उकिडवे बसले होते, हातात तेलाची वाटी आणि कापसाचा बोळा.

"चाक सर्र सर्र वाजून राहिलं होतं सर. दोन्हीकडं करडीचं तेल दिलं. घरच्या करडीचं हाय. बगा आता."

त्यांनी चाक फिरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: या सायकलीच्या चाकाला स्टीलची एक चकती असते, आणि ब्रेक दाबला की दोन बाजूंनी तिला चिमटा बसतो. त्या चकतीला बोटसुद्धा लावायचं नसतं, कारण बोटाच्या तेलकटपणानंही ब्रेक सुटतो. हे मी चाळीस व्हिडिओंमध्ये ऐकलं होतं. पण चाक फिरत होतं, फिरतच होतं, आवाज म्हणून नाही, आणि संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात ती चकती इतकी सुंदर चमकत होती, की ते चाळीसही व्हिडिओ विसरून मला भरून आलं. मी मामांच्या पाया पडलो.

सकाळी सासूबाईंनी सायकलीला कुंकू लावलं. शर्यत सुटली. पहिले काही किलोमीटर सपाट, मग चढ. चढाला ब्रेक कोण लावतो? बाकीचे सगळे पुढं निघून गेले तरी मी खुशीत होतो. माथ्यावर पोचलो आणि समोर ती रांग निळी, एकामागं एक, नकाशावर कधीच दिसली नव्हती तशी पसरलेली. मी रडलो. सरळ रडलो.

आणि डोळे पुसत उताराला लागलो.

पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा वाटलं, हळू दाबला असेल. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबला. सायकल उलट खुशीत आली. वाटेत शेळ्या राखणारी एक म्हातारी उभी होती.

"अवो दादा, लई घाई हाय व्हय? थांबा की, पाणी प्या."

"थांबता येत न्हाई मावशी!"

"येवढं काय काम असतंय," ती मागं म्हणत राहिली.

उताराच्या पायथ्याशी मामा आणि सुरेखा टेम्पो घेऊन थांबले होते. मी दिसताच मामा सुरेखाला अभिमानानं म्हणाले (हे तिनं नंतर सांगितलं), "बग, कसं चाललंय! जरा तरी आवाज येतोय का?"

मी त्यांच्या समोरून, बिनआवाजी, सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात शिरलो.

मला बाहेर काढलं तेव्हा पाय मुरगळला होता. शर्यतवाल्यांपैकी एकजण धावत आला. त्यानं चकतीवर बोट फिरवलं, हुंगलं, आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, ब्रेकला तेल कुणी लावलं?"

मामांचं तोंड एवढंसं झालं. चार महिन्यांची माझी तयारी आणि ती रांग ओलांडायचं माझं स्वप्न त्या ढिगात पडलं होतं, आणि मला खूप वाईट वाटत होतं. पण ज्या माणसानं घरची करडी माझ्या चाकाला लावली, त्याचं तसं तोंड मला बघवेना.

"मीच लावलं," मी म्हणालो. "आवाज येत होता ना."

संध्याकाळी मला बघायला निम्मं गाव ओसरीवर जमलं. काय झालं ते मामांनाच सांगावं लागलं. पहिल्यांदा ते खाली बघत, अडखळत बोलले. तिसऱ्या वेळेपर्यंत रंगात आले होते.

"लई शिकलेले हायत आमचे सर. पण बगा, ब्रेकलाच तेल लावून बसले."

ओसरी हसली. मीही हसलो. सुरेखा तोंडाला पदर लावून आत पळाली.

लोक पांगल्यावर मामा माझ्या बाजेशी आले, सुजलेल्या पायावरून हात फिरवला, आणि अगदी मायेनं म्हणाले, "सर, पुढल्या बारीला तेल लावायच्या आधी मला इचारत जा."

"हाव मामा," मी म्हणालो.