बंद दाराआडचा पारा

मालतीबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. कन्याशाळेत त्यांनी विज्ञान शिकवले, त्याबद्दल या गौरव अंकात त्यांच्या विद्यार्थिनी लिहितीलच. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. आमची ओळख बारामतीच्या वाचनालयात झाली. हात थरथरण्याच्या आजारावर एखादे पुस्तक आहे का, असे मी तिथे विचारत होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारले, "कुणाचे हात थरथरतात?"

"मालकांचे."

"यजमान काम काय करतात?"

आम्ही झारेकरी. सराफांच्या दुकानांतली झाडलेली माती विकत आणायची, धुवायची, पारा घालून तिच्यातले सोन्याचे कण गोळा करायचे आणि तो गोळा चुलीवर तापवून पारा उडवायचा. हे काम दार लावून करण्याची आमच्यात रीत. सोने वाऱ्याने उडू नये आणि कुणाच्या नजरेलाही पडू नये.

बाई दुसऱ्याच दिवशी घरी आल्या. मालकांना चहाचा कप धरता येत नव्हता. हिरड्यांतून रक्त येई. गल्ली म्हणे, पितोय. बाईंनी त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेले आणि परत आल्यावर ओट्यावर चार माणसांत सांगितले, "हे दारूचं नाही, पाऱ्याच्या वाफेचं आहे." मालक पुढे वाचले नाहीत. पण ते दारुडे म्हणून गेले नाहीत. माझ्या लेखी बाईंचे सर्वांत मोठे काम हेच.

त्यानंतर धाकटे दीर शंकरभाऊजी त्याच खोलीत, त्याच चुलीवर पारा उडवू लागले. मी रडले, भांडले. एकदा ते दार लावणार तेवढ्यात बाई आल्या आणि आत पाटावर जाऊन बसल्या.

"बाई, तुमी भाईर बसा. धूर वंगाळ असतो."

"मग तुम्ही?"

"आमाला सवय हाय."

"तुमच्या भावालाही होती. लावा दार. मी बसते."

भाऊजींनी कडीवरचा हात काढला. घरी आलेल्या बाईमाणसाला धूर कसा द्यायचा? शेवटी त्यांनी चुलीतली लाकडे ओढून विझवली.

बाई नुसते नको म्हणून थांबत नाहीत, पोट कशावर भरायचे तेही बघतात. त्यांनी लोहाराकडून घट्ट झाकणाचे, नळीचे लोखंडी भांडे करून घेतले. वाफ नळीतून थंड पाण्यात जाते आणि पारा परत मिळतो. भाऊजी म्हणाले, "बाई, ही तर हातभट्टी झाली!"

"व्हय," बाई म्हणाल्या, "पण हिच्यावर धाड पडणार नाही."

आमचे मातीधुणीचे पाणी कऱ्हा नदीला मिळणाऱ्या ओढ्यात जाई. पोरे तिथेच मासे धरत. पारा माशांत साठतो आणि माशांतून माणसांत येतो, हे सांगून बाईंनी आम्हाला गाळासाठी सिमेंटचा हौद बांधायला लावला. त्या गाळाचे पुढे काय करायचे, ते मलाही अजून कळलेले नाही, असे त्या स्वतःच सांगतात. ओढ्यात आधी गेलेला पारा काही परत येत नाही.

आता त्या एसटीने इंदापूरच्या झारेकऱ्यांकडे जातात. काहींनी भांडे घेतले, बाकीच्यांनी बाईंना पाहून दार लावून घेतले. बाई पुन्हा जाणार आहेत. त्यासाठी त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि ती दारेही उघडोत.

सत्काराच्या दिवशी बाईंना चहा शंकरभाऊजी देणार आहेत. मला आत्ताच बजावून ठेवलेय, "वैनी, कप काठोकाठ भरा. सांडायचा न्हाय."